डावीकडची गाठ

निलगिरीच्या पानात माशी अंडी घालते आणि पान आपणहून त्यांच्याभोवती फुगत जातं. गाठ पानाचीच, आत राहणारी मात्र परकी. तिळाहून बारीक माशा, जवळजवळ सगळ्या माद्या. नुसत्या विचारानंच मला शिसारी यायची.

रोपवाटिकेत गाठींची नोंद ठेवायचं काम माझं. शिकलेला म्हणून मला खुर्ची. आणि जिनं स्वतःची शाळा सोडून मला शिकवलं, ती माझी थोरली बहीण हिरव्या जाळीपलीकडे रोपांना पाणी घालायची. दर सोमवारी मी जाळीतून विचारायचो, ती सांगायची, मी लिहायचो.

"ताई, आज काय?"

"डावीकडे एक गाठ आहे रे."

"केवढी?"

"वाटाण्याएवढी."

एवढी मोठी गाठ मी कधी पाहिली नव्हती. मला हुरूपच आला.

"हात लावू नकोस हां. काय होतंय ते बघू."

आमची पद्धतच तशी. गाठ तोडायची नाही. भोक पाडून माशी बाहेर येईपर्यंत मोजत राहायचं.

दोन महिन्यांत ती बोराएवढी झाली. "दाबली तरी दुखत नाही," ताई एकदा म्हणाली. मी खो खो हसलो. "तिला काय धाड भरलीये दुखायला?" जाळीमागची तिची सावली बराच वेळ हलली नाही. उगाच अंगावर काटा आला आणि मला स्वतःचाच राग आला.

शेवटी ही अजब गाठ साहेबांना दाखवायची म्हणून मी पलीकडे गेलो. डावीकडच्या ओळीतलं एकेक रोप उलटसुलट करून पाहिलं. सगळी पानं गुळगुळीत, निरोगी. भर दुपारी तिथं एक पानही हलत नव्हतं.

"ताई, कुठल्या रोपावर आहे गं?"

तिनं पदर छातीशी घट्ट धरला.

"रोपावर?" तिचा चेहरा पांढराफटक पडला. "मला वाटलं, तुला कळलंय. भाऊच तू, लाजेनं झाडाच्या आडून बोलतोयस."

मी बगलेतली वही उघडली. माझ्याच वळणदार अक्षरात नऊ सोमवार लिहिले होते: डावीकडे, एक. वाढते आहे. दुखत नाही. तोडू नये.

"चल, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात," मी तिचा हात ओढला.

ती जागची हलेना. माझ्याकडे न बघता तिनं हळूच विचारलं, "माशी बाहेर पडली की झाड जगतं का रे?"