रूपालीचा पाठ

"पदर पुरता उलगड," येसूबाई म्हणाली आणि निमेशच्या हाताची वाट न बघता तिने स्वतःच साडी झटकून गादीवर पसरली. मोरपंखी रंग, बारीक जरीचा काठ. मासळीचे हात दुकानात शिरण्याआधी तिने नळावर लिंबाच्या सालीने घासून धुतले होते, तरी साडी ती बोटांच्या टोकांनीच धरत होती.

बोईसरच्या बाजारात निमेशचं दुकान होतं आणि दुकानात प्रत्येक प्रसंगाचा वेगळा कप्पा.

"काकी, लग्नातली दाखवू का? परवाच नवा माल आलाय."

"लग्नाची नको. पाटाची दाखव."

निमेशने कप्प्यांवरून नजर फिरवली. बारसं होतं, डोहाळजेवण होतं, साखरपुडा तर दोन कप्प्यांत होता. पाट कुठेच नव्हता.

"पाट म्हणजे?"

"बाईचं दुसऱ्यांदा लगीन," येसूबाई इतक्या मोठ्याने म्हणाली, की पलीकडे ब्लाऊजपीस निवडणाऱ्या दोघींनी माना वळवल्या. वळू देत. "आमच्यात त्याला पाट म्हनतात. माज्या सुनेचा हाय. उद्या."

झालं होतं ते असं. रविवारी संध्याकाळी येसूबाई सातपाटीच्या घरी ओट्यावर सुका जवळा निवडत बसली होती आणि सून रूपाली दोरीवरचे कपडे काढत होती. कपडे काढता काढता तिने सांगितलं, "आई, मंगळवारी माझा पाठ आहे. सरावलीच्या शाळेत, दुपारी. प्रफुल्लबरोबर जोडी लागलीय. मॅडम येणार बघायला. साडीच नेसायला सांगितलंय."

"कोन परपुल?"

"आमच्या वर्गातला. विक्रमगडकडचा. चांगला आहे बिचारा."

एवढं बोलून ती कपडे घेऊन आत गेली.

आता येसूबाईच्या घरात 'ठ' हे अक्षर कधी मुक्कामाला आलेलंच नव्हतं. तिथे पाठ दुखली तरी पाटच दुखायची आणि कविता पाठ झाली तरी ती पाटच व्हायची. पालघरला बी.एड.ला जायला लागल्यापासून रूपाली जिभेला वळण लागावं म्हणून घरातही शुद्ध बोलायची. पण बोलणारीने कितीही श्वास लावून ठ म्हटला तरी ऐकणारीच्या कानात पोचेपर्यंत त्याचा ट होत होता. शिवाय शाळेत जाऊन शिकवून दाखवायचं, त्याला इतके दिवस रूपाली 'लेसन' म्हणायची आणि तो शब्द येसूबाईला चांगला ठाऊक होता. गेल्या आठवड्यात कॉलेजात नव्या मॅडम आल्या. मराठी माध्यमाची मुलं तुम्ही, लेसन काय म्हणता, पाठ म्हणा, असं त्यांनी सगळ्यांना दरडावलं. रूपालीने ते मनावर घेतलं. सातपाटीला कळवायचं तेवढं राहून गेलं.

येसूबाईला वाईट वाटलं. राग लग्नाचा नव्हता, सांगण्याच्या तऱ्हेचा होता. बस किती वाजता सुटते ते सांगावं तसं सांगून मोकळी झाली! जिवल्या, तिचा एकुलता मुलगा, तारापूरला कंपनीत फिटर होता. काविळीने गेला त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून या घरात दोघीच. सकाळी येसूबाई टोपली घेऊन बोईसरला जायची, रूपाली पालघरला कॉलेजात. संध्याकाळी रूपाली गावातल्या पोरांच्या शिकवण्या घ्यायची आणि येसूबाई त्यांच्या पाढ्यांच्या गोंगाटात डुलकी काढायची. आता तो गोंगाट नसणार.

वर्षभरापूर्वी रूपालीच्या माहेरचे एक काका हाच विषय घेऊन आले होते. येसूबाईने त्यांना चहा पाजला आणि "ती शिकते हाय" एवढ्यावर वाटेला लावलं. रूपालीच्या कानावर ते गेलं की नाही, हे तिने कधी विचारलं नाही.

म्हणजे पोरीने माझ्याशिवायच ठरवलं. ठरवेल नाही तर काय करेल.

सोमवारी टोपलीपुढे बसल्या बसल्या ती हेच घोळवत होती. गिऱ्हाइकाला बांगड्याऐवजी बोंबील दिले आणि वर त्यालाच फैलावर घेतलं. पण येसूबाईचा स्वभाव असा, की तिला फार वेळ नुसतं दुःखी राहता यायचं नाही, मध्येच कुतूहल उपटायचं. कोण हा परपुल? डोंगराकडचा माणूस मासे खातो का? आणि शाळेत पाट लावायची ही काय नवी पद्धत? तिच्या लहानपणी तिच्या मावशीचा पाट लागला होता तो अंधार पडल्यावर, मागच्या दाराने, सवाष्णींना लांब बसवून. मावशी तोंडावर पदर घेऊन गेली होती, चोरी केल्यासारखी. त्या मानाने दुपारी, शाळेत, मॅडमच्या देखत. निदान उजेडात तरी. पण घरचं कोणीच नाही म्हणजे उद्या लोक म्हणणार, सासूला फसवून पळाली. असं कुणी म्हणता कामा नये. दुपारी गिऱ्हाइकी ओसरली तशी ती उठली आणि निमेशच्या दुकानात शिरली.

साडी मोरपंखीच घेतली.

मंगळवारी तिने टोपली शेजारणीवर सोपवली आणि पिशवीत साडी, नारळ, हळदकुंकवाची पुडी घेऊन सरावलीची रिक्षा धरली. कंपन्यांच्या भिंती संपल्या, खोल्यांच्या चाळी लागल्या, प्रत्येक दारात निळे पिंप आणि वाळत घातलेले कंपनीचे शर्ट. शाळा त्यांच्याच मागे होती. मांडव नव्हता. पताकासुद्धा नव्हती. शिपायाने सातवीचा वर्ग दाखवला. मुलं मधल्या सुट्टीत बाहेर हुंदडत होती आणि रिकाम्या वर्गात एक सडसडीत पोरगा भिंतीवर तक्ता टांगत होता. तक्त्यावर पोट उघडं टाकलेला माणूस काढला होता, आतडी गुलाबी रंगाने रंगवलेली. येसूबाईने आयुष्यभर माशांची पोटं साफ केली, तिला आतड्यांचं काही वाटायचं कारण नव्हतं, पण आजच्या दिवशी हे कशाला, असं तिला वाटलं.

"तू परपुल?"

"हो. प्रफुल्ल."

"मी रूपालीची सासू."

"बसा ना आई." त्याने डस्टरने खुर्ची पुसली, त्यामुळे खुर्चीला आणखीच खडू लागला.

वाकून नमस्कार केला नाही, पण आई म्हणाला. मिशी अजून धड फुटली नव्हती. येसूबाई खुर्चीच्या कडेवर बसली आणि वेळ न घालवता कामाला लागली.

"घरी कोन कोन?"

"आई-बाबा, दोन बहिनी. एकीचं लगीन झालं."

"जमीन?"

"थोडी हाय, पावसावरची. भात, नागली. दिवाळी झाली का बाबा वीटभट्टीवर जातात."

"पितोस?"

"चहा?"

"दुसरं."

"नाय ओ," प्रफुल्ल लाजला. सासूबाई येऊन असली चौकशी का करतात हे त्याला कळत नव्हतं, पण मॅडमनीच पाठवलं असेल तर काय घ्या, म्हणून तो नीट उत्तरं देत होता.

"रूपाली तुज्यापेक्षा मोटी हाय. ते चालतं तुला?"

"उलट बरं वाटतं. मी घाबरलो का त्याच सांबाळून घेतात."

हे उत्तर येसूबाईला आवडलं. तिने खुर्चीवर मागे सरकून पाठ टेकली.

"आनि घरच्यांना? हा पाट पसंत हाय?"

"पसंत म्हनजे? बाबा म्हनतात, कसं बी करून पुरं कर."

कसं बी करून! येसूबाईला ते जरा लागलं, पण तिने गिळलं. "तुजा पयलाच ना?"

"नाय, माजे चार झाले."

बाहेर कोणीतरी चेंडू भिंतीवर मारत होतं. येसूबाईने पिशवी मांडीवर घट्ट धरली.

"चार?"

"अजून सोळा व्हायचे हायत. वीस झाले का मग डिग्री."

येसूबाई उठून उभी राहिली. साडेपाच फूट उंचीची बाई, बाजारात तिचा आवाज तीन गल्ल्यांत जायचा. "कोनाबरोबर झाले रं हे चार?"

प्रफुल्ल एक पाऊल मागे सरला, तक्त्यातल्या माणसाला टेकला. "दोन सहावीबरोबर," तो म्हणाला, "दोन आटवीबरोबर. आज सातवी अ."

घंटा झाली. सातवी अ धडाधड आत घुसली आणि येसूबाई त्या लोंढ्यात उभीच राहिली. मागोमाग रूपाली आली, अंगावर कॉलेजची करड्या काठाची साडी, हातात खडूची पेटी. तिच्यामागे वही घेतलेल्या मॅडम. सासूला बघून रूपाली थबकली. काय झालं, असं तिने भुवयांनी विचारलं. काही नाही, अशी येसूबाईने मान हलवली आणि शेवटच्या बाकावर दोन वेण्यांच्या एका मुलीला सरकवून ती बसली.

"आजी, तुम्ही पण शिकणार?" त्या मुलीने विचारलं.

"शिकते बाय. आताच शिकले थोडं."

"सकाळी काय काय खाऊन आलात?" रूपालीने वर्गाला विचारलं. भाकरी, पाव, शिळा भात, मॅगी, कोणी सत्तू म्हणालं, कोणी काहीच नाही म्हणालं. रूपाली त्या काहीच-नाहीपाशी जराशी थांबली, त्याला काहीतरी हळू विचारलं, मग तक्त्यावर सगळ्यांच्या घासाला तोंडातून खाली पोटात सोडलं. तिचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत खणखणीत येत होता. घरात ती इतकी हळू बोलायची, की येसूबाईला दोनदा विचारावं लागायचं. हा आवाज हिने कुठे ठेवला होता?

येसूबाईला हायसं वाटलं. इतकं, की तिला एकटीलाच हसू फुटलं आणि मॅडमनी मागे वळून बघितलं. पोरगी कुठे जात नाही. संध्याकाळी पाढे होणार, डुलकी होणार. तिने पिशवी बाकाखाली सारली.

पण ते हायसं वाटणं फार वेळ टिकलं नाही. दोन दिवस तिने रूपालीला मनातून पाठवून दिलं होतं, घरातल्या तिच्या वस्तू मनातल्या मनात उचलून दिल्या होत्या, आणि आता त्या परत जागच्या जागी बसेनात. समोर एक तरणीताठी बाई फळ्यावर लिहीत होती. तिच्यापुढे केवढं आयुष्य पडलं होतं. त्या काकांना आपण "ती शिकते हाय" म्हणालो ते खोटं नव्हतं, पण खरं कारण ते नव्हतं. मला एकटीला भीती वाटते, हे खरं होतं. येसूबाईला स्वतःची लाज वाटली.

पुढचा भाग प्रफुल्लने शिकवला आणि पाठ संपला. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि मान डोलावली. प्रफुल्ल तक्ता गुंडाळत रूपालीजवळ आला. "ताई, तुमच्या सासूबाईंनी माजी पुरी मुलाखत घेतली. जमीन किती, पितो का, तुमी मोट्या हात ते चालतं का." तो हसत होता.

रूपाली हसली नाही. ती मागच्या बाकापाशी आली. सासूने सारून ठेवलेली पिशवी तिने वाकून बाहेर ओढली, आत पाहिलं. साडी, नारळ, पुडी. तिने पिशवीचे बंद सावकाश एकत्र केले आणि ती सासूच्या हातात दिली. दोघी फाटकाबाहेर आल्या.

"माझा पाट आहे, असं वाटलं तुम्हाला?"

"तू तसंच बोललीस."

मग मात्र रूपालीला हसू आवरेना. ती फाटकाला धरून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि येसूबाईही हसली, सातवी अ म्हणता म्हणता तिला ठसका लागला. रस्त्यावरून जाणारे कामगार बघत गेले. हळूहळू रूपालीचं हसणं थांबलं, डोळ्यांतलं पाणी तसंच राहिलं.

"आणि तुम्ही आलात."

"आले."

"अडवायला?"

"अडवायला नारळ लागतो काय? पोचवायला आले."

एक रिक्षा हळू झाली. "स्टेशन, स्टेशन," रिक्षावाला म्हणाला. रूपालीने नको म्हटलं. दुसरी आली, तिच्याकडे तर तिने पाहिलंसुद्धा नाही. चपलेच्या टोकाने ती रस्त्यावरचा एक खडा मागे-पुढे करत होती.

"आई," ती म्हणाली, आवाज पुन्हा घरातला, हळू. "परपुल नाय."

"दिसलंच ते. पोर हाय तो."

"तसं नाय. परपुल नाय, असं म्हनतेय मी."

येसूबाईने तिच्याकडे नीट पाहिलं. समोरून तिसरी रिक्षा येत होती. तिला तिने स्वतःच हात हलवून पुढे काढलं.

"मग कोन?"