आंघोळीच्या क्रमाचा प्रोग्राम

"समता मोजता येते, आणि जी मोजता येत नाही ती समताच नव्हे!" असं जाहीर करून मोजणीसाहेब संगणकाच्या खोलीतल्या पाहुण्यांच्या खुर्चीवर बसले. खुर्चीचा एक पाय आखूड होता. साहेब जे एका अंगाला कलले, ते तास संपेपर्यंत तसेच राहिले. सरळ बसायला गेलं की खुर्ची किंचाळायची.

शाळांमधून संगणक शिकवताना सगळ्या मुलांना सारखा वाटा मिळतो का, आणि शिकवणं त्यांच्या घरच्या संस्कृतीला धरून आहे का, हे मोजायचं त्यांचं काम. गुण कमी पडले की संगणक उचलून दुसऱ्या शाळेत. त्यामुळे संगणकाच्या बाई सकाळपासून एकेक संगणक पुन्हा पुन्हा पुसत होत्या. ही खोली त्यांनी भांडून मिळवली होती. त्याआधी इथे मोडके बाक आणि हेडसरांची सायकल राहायची.

हेडसर मात्र निर्धास्त होते. समता म्हणजे सगळ्यांना सारखं आणि संस्कृती म्हणजे ठेवणीतले कपडे, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे अख्खा वर्ग लग्नाला निघाल्यासारखा नटून आला होता. शिवाय बाईंना न विचारता त्यांनी आदल्या दिवशीच मुलांना दम भरला होता, "सगळ्यांनी एकाच संगणकावर बसायचं. एक अक्षर टाइप करा, उठा, पुढच्याला बसू द्या. जास्त बसलेला दिसला तर याद राखा!"

तास सुरू झाला. पहिला बसला, एक अक्षर टाइप करून उठला. दुसरी बसली, उठली. तिसऱ्याची जरीची बाही भलत्याच बटणावर पडून दोघांचीही अक्षरं पुसली गेली, पण नियमाप्रमाणे तोही उठला.

"वा! काटेकोर समता," साहेब खुणा करत म्हणाले.

"आमच्याकडे कोणी पुढे जातच नाही, साहेब," हेडसरांची छाती फुगली.

बाईंना राहवेना. संगणक जायचेच असतील तर निदान आजचा तास तरी धड होऊ दे.

"पुरे झाली ही संगीतखुर्ची! बाह्या वर करा सगळ्यांनी. मिरची, तुझा कालचा प्रोग्राम काढ."

मिरची म्हणजे वर्गातली सगळ्यात तिखट जीभ. तिच्या घरी माणसं उदंड आणि मोरी एक. सकाळी कोणी कधी आणि किती वेळ आंघोळ करायची, हे ठरवणारा प्रोग्राम ती लिहीत होती.

"सगळ्यांना सारखी मिनिटं दिली बाई, तर आजी साबणासकट बाहेर."

"मग आजीला वाढव की," मागून एक आवाज आला. "गुडघे धरलेले असतात त्यांचे."

"आणि तुझा दादा? तो तर आत गाणी म्हणतो!"

"गाण्याची मिनिटं कापा!"

"ए, पण काकू शेवटी का गं? सगळ्यांचे डबे तीच करते ना?"

"ती काही बोलत नाही म्हणून," मिरची म्हणाली. मग तिने काकूचं नाव यादीत वर नेलं.

"बघा," बाई म्हणाल्या, "जो बोलत नाही त्याच्यासाठीही अट लिहावी लागते. संगणकाला आपण होऊन काही सुचत नाही."

सगळा वर्ग मिरचीच्या खांद्यावर ओणवा झाला होता. हेडसर दारातून "एक अक्षर! एक अक्षर!" असं पुटपुटत होते, पण त्यांना विचारतो कोण?

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बाई, कीबोर्डला हात एकाच मुलीचा. माझ्या पद्धतीने समतेला शून्य."

"घाला शून्य," बाई म्हणाल्या. "फक्त त्या काकूंना कुठल्या रकान्यात बसवता, तेवढं सांगा."

साहेब सरळ बसायला गेले. खुर्ची किंचाळली. पुन्हा कलून त्यांनी पडद्यावरची यादी वरपासून खालपर्यंत वाचून काढली. मग त्यांनी हेडसरांना पाणी आणायला पिटाळलं, आणि ते लांब गेल्याची खात्री करून हळूच म्हणाले, "संगणक इथेच राहतील."

बाई लगबगीने पुढे आल्या. "अहवालासाठी प्रोग्रामची प्रत देऊ का, साहेब?"

"अहवालाचं राहू द्या हो." साहेब मिरचीकडे झुकले; खुर्ची तशीही तिकडेच कललेली होती. "बाळ, त्यात घरजावयाला थोडं गरम पाणी उरेल, अशी एखादी अट बसते का बघ ना."