अरुंधती दिसेनाशी झाली तेव्हा

होळी झाली आणि भामाबाईंनी हातातल्या चांदीच्या पाटल्या काढून सुनेच्या, रोहिणीच्या, हातात ठेवल्या. मग मुलाला, अंगदला, सांगून दोन गाभण मेंढ्या सिरसाळ्याच्या बहिणीकडं पोचवल्या.

"आत्या, काहून वाटून टाकायलाव सगळं?" रोहिणीनं विचारलं.

"अरुंधती दिसंना झाली. जिला ती दिसत न्हाई, ती सा महिन्यांत जाती."

लग्नाच्या दिवशी दिवेलागणीनंतर नवऱ्यानं, धुळाजींनी, त्यांना सप्तर्षींच्या शेपटीतला वसिष्ठ दाखवला होता, आणि त्याला चिकटून असलेली बारीकशी अरुंधती. पुढं धारूरच्या डोंगरात मेंढरं बसवली, भाकरी खाल्ली, की दोघं ती जोडी शोधायचे. धुळाजी जाऊन चार वर्षं झाली होती.

"त्यांनी बोलावलंय," भामाबाई म्हणाल्या. आवाजात भीती नव्हती. रोहिणीला त्याचीच भीती वाटली.

"येडी झालीस का, आई? मोतीबिंदू हाय तो! चल दवाखान्यात," अंगद ओरडला. त्या हलल्या नाहीत.

गावच्या शाळेत सुकन्या मॅडम मुलांना दुर्बिणीतून आकाश दाखवायच्या. रोहिणी एका संध्याकाळी सासूला हाताला धरून तिथं घेऊन गेली. मॅडमनी दुर्बीण लावून दिली. भामाबाई वाकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या.

"एक दिसतो. त्याच्या लगत आनखी एक. आन् ती जरा लांब..."

"लांबची ती अरुंधती," मॅडम म्हणाल्या. "जवळचे दोन्ही मिळून वसिष्ठ. नुसत्या डोळ्यांना तो एकच वाटतो. त्या दोघांतला एकेक तारासुद्धा जोडीच आहे, आणि अरुंधतीही. सगळे मिळून सहा. पण तेवढे सुटे या दुर्बिणीतून नाही दिसत."

भामाबाईंनी मान वर केली. नुसत्या डोळ्यांना आकाशात एकच पुसट ठिपका दिसला. त्या पुन्हा दुर्बिणीला डोळा लावून उभ्या राहिल्या.

"म्हंजे ती हाय तितंच," त्या हळूच म्हणाल्या. "मंग त्यांनी बोलावलंच न्हाई मला?"

सासूला आनंद होईल असं रोहिणीला वाटलं होतं. भामाबाई शाळेच्या पायरीवर जाऊन बसल्या. ती शेजारी टेकली.

"न्हाई बोलावलं, आत्या."

"लई वाट बघितली व्हती मी."

मैदानातली पोरं दुर्बिणीपुढं रांगेसाठी भांडत होती.

"सा हायती म्हनती," भामाबाई म्हणाल्या. "आमी जन्मभर दोनच बघितले. त्यांना सांगायला पायजे व्हतं." थोड्या वेळानं त्या उठल्या. "अंगदला सांग, डोळा दाखवू."

अंबाजोगाईला ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर त्यांनी आधी रोहिणीकडं पाहिलं. पाहतच राहिल्या. मग तिच्या डोळ्याखालच्या काळ्या वर्तुळावरून अंगठा फिरवला.

"कवापासून इतकी वाळलीस गं? मला कुनी सांगितलं बी न्हाई."

भामाबाईंनी तिच्या हातातली जड पिशवी काढून घेतली आणि जिन्याकडं वळल्या.