ताईचा जुना आवाज

दुपारी बाळ झोपलं की धाकटी लॅपटॉप उघडून बसायची. शिकवणीतले सर सांगायचे, "या सॉफ्टवेअरमध्ये नुसत्या चौकटी नि तारा. एका चौकटीत आवाज घाला, तार ओढून दुसरीत न्या, तिथं त्याचं चित्र होतं." सहा महिन्यांत तिचा हात बसला. आता शेवटी सभागृहात लोकांसमोर प्रयोग करायचा होता. तिनं आवाज निवडला ताईचा.

ताईनं एकोणीस वर्षं बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा केल्या होत्या. गळ्याचं ऑपरेशन झालं आणि तिला पासच्या खिडकीत बसवलं.

"या फुटक्या आवाजाला कोण विचारतंय?" ताई म्हणाली खरी, पण दुसऱ्याच दिवशी ठेवणीतले कपडे इस्त्रीला टाकून आली.

तालमीत ताई माइकवर घोषणा करायची आणि भिंतीवर प्रकाशाचे ठिपके थव्यासारखे उडायचे. आवाज चिरकला की थवा कोसळून भिंत काळी पडायची.

"बघ, माझ्या घशापायी तुझी पाखरंही आजारी पडली!" ताई हसत सुटायची.

"पडू देत," सर म्हणायचे. "लाइव्ह म्हणतात ते हेच."

धाकटीला मात्र धडकी भरली. लोक ताईला हसतील. का आपल्याला? प्रयोगाच्या सकाळी तिनं सॉफ्टवेअरमधली माइकची तार तोडली आणि तिथं ताईच्या जुन्या घोषणांचं रेकॉर्डिंग जोडलं. ताईला सांगायचं राहून गेलं. राहून कसलं, सांगितलंच नाही.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे..." ताई बोलली आणि सभागृहभर तिचा जुना, खणखणीत आवाज घुमला. ताई दचकली. पुढचं वाक्य तिनं मुद्दाम सावकाश घेतलं. आवाज सावकाश झाला नाही. मग तिनं तोंड मिटलं. घोषणा चालूच राहिल्या, ठिपके भिंतभर उडत राहिले.

अंधारात लोकांचे डोळे भिंतीवर होते. धाकटी तेवढी ताईकडे बघत होती. एक तार ओढून माइकला जोडायची, एवढंच काम होतं. बोट माउसवर होतं. हललं नाही.

टाळ्या खूप पडल्या. बाहेर कुणीतरी म्हणालं, "काय आवाज आहे तुमचा!"

"होता खरा चांगला," ताई म्हणाली.

जिन्यात दोघीच उरल्या.

"मी गप्प झाले ते दिसलं का गं तुला?"

"दिसलं."

"मग?"

धाकटीनं लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावली आणि पायऱ्या उतरायला लागली.

ताई अजून घरी येते, बाळाला खेळवते. "पुन्हा करू या ना, ताई, खरंखुरं," असं धाकटीनं दोनदा म्हणून पाहिलं.

"रेकॉर्डिंग आहे की तुझ्याकडे," ताई म्हणते आणि बाळाचं झबलं बदलायला घेते. बोलण्यात राग नसतो. असता तर धाकटीला माफी तरी मागता आली असती.