दुसऱ्या पिशवीतला स्पंज

दुसऱ्या पिशवीतल्या समुद्री स्पंजाचा अर्क विषाणूचं काहीही वाकडं करू शकला नव्हता. काचेच्या ताटलीतल्या पेशींच्या थराची नुसती चाळण झाली होती. पहिल्या पिशवीच्या अर्काने याच पेशी धडधाकट ठेवल्या होत्या. प्रयोग पुन्हा जमला नाही तर प्रयोगशाळेचे सर हे काम बंद करणार, हे त्यावर राबणाऱ्या तरुण संशोधिकेला पक्कं ठाऊक होतं.

तिने पेशी तपासल्या, रसायनं तपासली, विषाणूचा साठाही तपासला. सगळं चोख. मग उरला एकच: स्पंज आणणारा पाणबुड्या, म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ.

एवढ्या थंडीत खोल कोण उतरतो? किनाऱ्यालगतच्या खडकावरून तसाच दिसणारा स्पंज खरवडून आणला असेल. लहानपणापासूनचा कामचुकार! एकदा डोक्यात शिरलेला हा किडा बाहेर निघेना. जेवताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "समुद्र कसा होता रे?"

"ओला," तो म्हणाला.

उत्तर टाळतोय, तिने मनात नोंदवलं. शेवटी तिने त्याला धक्क्यावरच गाठलं. तो होडीत हवेच्या नळ्या गुंडाळत होता.

"खरं सांग, कुठून आणलास स्पंज?"

"खोलातल्या त्याच कपारीतून. मंडईत मिळतो का, ताई?"

"मग हा एवढा फिकट कसा?"

"स्वच्छ आहे म्हणून! पहिल्या वेळी चिखल बघून माझी बिनपाण्याने केलीस. या वेळी बादलीत रात्रभर भिजवला, नळाखाली चोळून धुतला."

"नळाखाली? गोड्या पाण्यात?"

"मग काय गुलाबपाण्यात?"

समुद्रातला जीव गोड्या पाण्यात पडला की त्याच्या पेशी फुगून फुटतात. आतलं विरघळणारं सगळं वाहून जातं. हवं होतं ते द्रव्य बहुधा गटारात गेलं होतं. बहुधा. सिद्ध काहीच झालं नव्हतं.

भावाचे हात थांबले. "म्हणजे तुला वाटलं, मी फसवलं."

"हो."

त्याने हातातली नळी होडीत टाकली. मग म्हणाला, "उद्या नव्या स्पंजासाठी होडी काढतो. तूही चल. कपार बघ, मला उतरताना बघ, पिशवीची गाठही तूच मार."

"मला बोट लागते."

"लागू दे."

नाही म्हणावंसं तिला वाटलं. पण स्पंज नक्की कुठून आला, हे सरही विचारणार होते, आणि तेव्हा भावाच्या शब्दावर ती विसंबणार नव्हती.

"येते," ती म्हणाली.

एरवी तो कोणतीही वस्तू तिच्या हातात द्यायचा. आज त्याने उद्यासाठीचं तरंगतं जाकीट तिच्या पायांशी टाकलं.