विझलेली बॅटरी

राजेश्रीनं भरलेली घागर उचलली, तेवढ्यात सासऱ्यांनी, आश्रुबांनी, तिचं मनगट धरलं.

"करंटच्या जाळावर पाणी? मरती का काय!"

"वायर काढलीय, मामा. आता पाणीच लागतंय त्याला."

आश्रुबांनी ऐकलं नाही. फवारणी पंपाची बॅटरी ओसरीवर चार्जिंगला असताना फुगून पेटली होती. राजेश्रीनं ती फावड्यानं अंगणात ढकलली होती. आश्रुबांनी त्या बॅटरीवर घमेलंभर माती ओतली. जाळ दिसेनासा झाला.

"विझली. कालेजात माती शिकवली न्हाई वाटतं."

"काय जळालं गं?" आतून सासूबाईंनी, धुरपताबाईंनी, विचारलं. "पंप, का तुझा सासरा?"

मांडीचं हाड मोडल्यापासून त्या कापसाच्या खोलीत पडून होत्या. भाव वाढायची वाट बघत साठवलेला कापूस आढ्याला टेकला होता. त्याला लागूनच त्यांची बाज.

आश्रुबांनी बॅटरी पोत्यावर ओढली. "तुझा नवरा आला की दुकानात दाखवंल. तवर आत ठिवतो."

"आत नको." राजेश्री दारात उभी राहिली. "वरनं विझलीय. आत एका सेलचा ताव दुसऱ्याला लागायलाय. मातीनं तर गोधडी घातल्यागत ऊब कोंडलीय."

"सरक."

ती सरकली नाही. तिनं पोतं हिसकून घेतलं आणि बैलांच्या पाण्याच्या टिपाडात उलटं केलं.

"आता बैलांनी काय प्यावं? तुझं ग्यान?"

पाणी फसफसलं. थांबेल असं वाटलं, पण तळातून बुडबुडे येतच राहिले. एकेक फुटायचा आणि त्यातून पांढरा धूर निघायचा. आश्रुबा बघत राहिले.

"विझली व्हती की," ते हळूच म्हणाले.

मग त्यांचा चेहरा उतरला.

"दुसऱ्या पंपाची मीच चार्जिंगला लावलीय. आत. हिच्या उशाला."

राजेश्रीनं धावत जाऊन मेन स्विच पाडला. ती खोलीत पोचली तेव्हा आश्रुबा आधीच बाजेच्या डोक्याकडं वाकले होते. बॅटरीकडं, कापसाकडं त्यांनी पाहिलंही नाही.

"पायाकडनं धर."

"अवं, आधी कापूस काढा!" धुरपताबाई ओरडल्या. "वरीसभराचं हाय ते. मला काय धाड भरलीय?"

"गप पड."

दोघांनी बाज उंबऱ्यावरून तिरकी काढली आणि लिंबाखाली ठेवली. राजेश्रीनं पदर नाकाला बांधला, फावडं घेतलं आणि घराकडं वळली.

"पोरी." आश्रुबा बाजेच्या कडेवर बसले होते. "तू आत जाऊ नको. कापूस जळला तर जळू दे."

धुरपताबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं.

तिघंही दाराकडं बघत होते. आतून अजून कसलाच आवाज नव्हता.