बाईंनाही दार बंद
मी या इस्पितळातला दुरुस्तीचा प्रोग्राम बोलतोय. मला हात नाहीत, पाय नाहीत, पण संगणकांत चोर शिरला की विस्कटलेलं घर सावरायचं काम माझंच. चोराला हुसकायचं, बिघडलेलं पुसायचं आणि जपून ठेवलेली चांगली प्रत तिथे बसवायची. कुणी सांगायची वाट बघायची नाही.

मला लिहिलं संगणक विभागाच्या बाईंनी. जेवणाचा डबा तसाच निवत ठेवून त्या मला घडवायच्या. दर महिन्याला माझा सराव असला की काम थांबायचं आणि सगळे कुरकुरायचे, "आलं बाईंचं लाडकं कार्टं आडवं!" बाईंनी मला एक गोष्ट पक्की पढवली होती. ज्याच्या पासवर्डने चोर शिरेल, त्याला आत घ्यायचं नाही, मग तो कुणी का असेना.

एका सकाळी चोर शिरला. पासवर्ड बाईंचाच होता!

मी तो तिथल्या तिथे रद्द केला, सगळे संगणक एकमेकांपासून तोडले. नेमके तेव्हा बाईंचे वडील ऑपरेशनच्या टेबलावर होते. रक्तस्राव थांबेना. त्यांना कोणतं रक्त चालत नाही, ही जुनी नोंद रक्तपेढीच्या बंद संगणकात अडकलेली.

बाई धावत रक्तपेढीतल्या संगणकापाशी आल्या. "अरे, उघड! मीच आहे!"

चोरही हेच म्हणाला असता. मी हललो नाही.

"कालची प्रत लाव, तपासत बसू नकोस!" त्या टेबलावर हात आपटत ओरडल्या. पण कालच्या प्रतीत चोर दबा धरून बसला होता. ती लावली असती तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मी त्याच्याआधीची स्वच्छ प्रत काढली आणि रक्तपेढी सगळ्यांत आधी उभी करायला घेतली. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण हट्ट सोडला नाही.

"बाई, नोंद दिसली!" रक्तपेढीतला तंत्रज्ञ ओरडला आणि चालणाऱ्या रक्ताच्या पिशव्या घेऊन जिन्याकडे पळाला. बाईही त्याच्यामागे धावल्या.

वडील वाचले. नंतर मोठे डॉक्टर बाईंना म्हणाले, "निदान तुमच्यापुरती तरी सवलत ठेवा हो."

"नको," बाई म्हणाल्या. "माझ्या मागोमाग चोरही आत आला असता."

लोकहो, मी अडवलं तर खुशाल शिव्या घाला, पण मला बंद करू नका. बाई अजून माझ्यावर रागावलेल्या आहेत. पुन्हा वेळ आली तर मी त्यांना पुन्हा बाहेरच ठेवीन. त्यांनीच तसं सांगितलंय.